सीसीएनपी एन्टरप्राइझ: एकट्याने अभ्यास पुढे सरकत नाही, चार-पाच जण हवेत (मुंबई/ऑनलाइन)

कळवा_पूर्व (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ऐरोलीत एका एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवणारं केंद्र) नोकरी करतो. सिस्कोचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र सीसीएनए झालंय, आता त्याच्या वरचं सीसीएनपी एन्टरप्राइझ करायचं ठरवलंय. आधी एन्कोर, मग एनार्सी.

या वाटेला न गेलेल्यांसाठी थोडक्यात: फेब्रुवारी २०२० पासून रचना अशी आहे की एक गाभ्याचा पेपर द्यायचा (३५०-४०१ एन्कोर, दोन तास) आणि एक आपल्या निवडीचा (मी ३००-४१० एनार्सी घेणार, दीड तास). दोन्ही झाले की सीसीएनपी. नुसतं एन्कोर झालं तरी त्याहून वरच्या सीसीआयईच्या लॅबला (प्रात्यक्षिक परीक्षेला) बसायची पात्रता मिळते, पण ते सध्या माळ्यावर ठेवलंय.

साहित्याची कमी नाही, व्हिडिओ आणि पुस्तकं पुरून उरतील एवढी आहेत. माझी अडचण वेगळी आहे. मी लॅब (सरावाचं छोटं नेटवर्क) लावतो आणि ती चालते. मग मीच त्यात काहीतरी बिघडवतो आणि मीच दुरुस्त करतो. स्वतःच लपवलेली किल्ली स्वतःच शोधायची, तिला काय शोध म्हणायचं? आणि एनार्सी तर बहुतेक ट्रबलशूटिंगच आहे.

टेलिग्रामवरचे दोन-तीन गट पाहिले. तिथे अभ्यास कमी, पीडीएफ जास्त. 'भाऊ लेटेस्ट डंप आहे का' याशिवाय संभाषण नाही (डंप म्हणजे परीक्षेतून चोरून आणलेले प्रश्न).

तर मुंबई-ठाणे-नवी मुंबईतले, किंवा कुठलेही, पण मराठीत बोलायला सोपं वाटणारे चार-पाच जण हवेत. आठवड्यातून एकदा बसू. तुम्ही असं काही केलंय का? काय चाललं, काय फसलं?

---

टीटीएल_संपला

मी आहे! विरारहून. रोजचा प्रवास पाहता अभ्यासाला वेळ म्हणजे लोकलच, तीही बसायला मिळाली तर. एन्कोरची नुकतीच सुरुवात केलीय.

एक प्रश्न: माझ्या लॅपटॉपला १६ जीबी रॅम आहे. लॅब कशात लावता? कॅट ८०००व्ही (सिस्कोचा सॉफ्टवेअरमधला राउटर) टाकून पाहिला, एकेका राउटरला ४ जीबी मागतो. तीन उठवले की लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत जातो आणि घरचे विचारतात काय चाललंय.

---

रात्रपाळी

मीही. महापेला डेटा सेंटरमध्ये आहे, महिन्यातले बरेच दिवस रात्रपाळी. रविवारी सकाळी म्हणत असाल तर मी नुकती घरी पोचलेली असेन, चहा घेऊन तासभर बसू शकते, मग झोपणार. संध्याकाळी ठेवलंत तरी चालेल.

रॅमबद्दल: मोठे राउटर कशाला उठवता? सिस्कोच्या सीएमएलची (लॅब चालवायचं सॉफ्टवेअर) मोफत आवृत्ती आहे, एका वेळी पाच नोड (राउटर-स्विच) चालतात. त्यात आयओएल (लिनक्सवर चालणारं राउटरचं सॉफ्टवेअर) प्रतिमा वापरा, अगदी हलक्या असतात. पाचात भागत नसेल तर सीएमएल पर्सनलमध्ये वीस नोड मिळतात, पण त्याला वर्षाला साधारण दोनशे डॉलर. गटात एकाने घेतलं तरी पुरतं, कारण स्क्रीन दाखवता येते. पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या शिकाऊ सिम्युलेटरवर मात्र एनार्सी करायला जाऊ नका, बऱ्याच कमांड त्यात नाहीतच.

---

जॉब_पाहिजे

सगळ्यांचा मान राखून बोलतो. एन्कोरची फी ४०० डॉलर, एनार्सीची ३००, वर जीएसटी. म्हणजे नापास झालो तर माझा दीड-दोन महिन्यांचा पगार गेला. माझ्या ओळखीच्या एकाने डंप पाठ करून पास केलं आणि आज तो माझ्यापेक्षा जास्त कमावतो. कंपनीला फक्त प्रमाणपत्र हवं असतं. मग गट करून लॅब लावत बसण्यापेक्षा सरळ रस्ता का घेऊ नये? रागावू नका, पण हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, बोलत कुणी नाही.

---

साष्टीकर

@जॉब_पाहिजे, रागावत नाही. पैशाची गोष्ट खरी आहे, ती हसण्यावारी नेणार नाही.

मी गेली बरीच वर्षं या धंद्यात आहे, सीसीआयई आहे, आणि गेल्या काही वर्षांत मुलाखती घेणाऱ्या बाजूला बसतो. मी काय करतो ते सांगतो. प्रमाणपत्राबद्दल एकही प्रश्न विचारत नाही. कागद आणि पेन देतो, म्हणतो तुम्ही आत्ता ज्या नेटवर्कवर काम करता त्याचा एक तुकडा काढा. मग त्यातली एक लिंक पेनाने खोडतो आणि विचारतो, आता पॅकेट कुठून जाईल? डंपवाला इथेच थांबतो. त्याला ओएसपीएफच्या (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची एक पद्धत) एलएसएचे (त्यातल्या संदेशांचे) प्रकार आकड्यांसकट पाठ असतात, पण टाइप सात कुठे बदलून टाइप पाच होतो आणि ते काम कोणता राउटर करतो, हे चित्रावर बोट ठेवून दाखवता येत नाही.

दुसरं, परीक्षेला बसण्याआधी गोपनीयतेचा करार मान्य करावा लागतो. प्रश्न बाहेर सांगणं आणि चोरलेले प्रश्न वापरणं, दोन्ही त्यात बसत नाही. पकडलं गेलं तर प्रमाणपत्र जातं आणि पुढे परीक्षेला बसायलाही बंदी येऊ शकते. ४०० डॉलर वाचवायला निघालेल्या माणसाने हा धोका जमेस धरावा.

@कळवा_पूर्व, तुमचा मुद्दा एकदम बरोबर आहे आणि उत्तर त्यातच आहे. गट शिकवण्यासाठी करू नका. एकमेकांना शिकवायचं म्हटलं की पहिल्या रविवारी एक जण स्लाइड बनवतो, दुसऱ्या रविवारी तोच बोलतो, तिसऱ्या रविवारी तो एकटाच येतो. गट बिघडवण्यासाठी करा. प्रत्येक वेळी एकाने चालती लॅब मोडून आणायची, बाकीच्यांनी ती नीट करायची. आम्ही आमच्या वेळी हेच करायचो.

---

कळवा_पूर्व (धागाकर्ता)

दंडवत! 'गट बिघडवण्यासाठी' हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो.

पण सविस्तर सांगा ना. कोण काय करतं, किती वेळ, बिघाड किती कठीण असावा? आमच्यात कुणीच तज्ज्ञ नाही.

---

साष्टीकर

तज्ज्ञ नको. नवशिक्याने केलेला बिघाड जास्त चांगला असतो, कारण तो खऱ्या जगातल्यासारखा असतो.

ज्याची पाळी असेल त्याने आधी लॅब चालती करायची, तिचे सगळे कॉन्फिग (राउटरांची सेटिंग) जपून ठेवायचे, मग एक किंवा दोन गोष्टी मोडायच्या. सोबत एक तिकीट (तक्रारीची नोंद) लिहायचं, आणि ते ग्राहकाच्या भाषेत हवं. 'आर२ वर ओएसपीएफ येत नाही' हे तिकीट नव्हे. 'भांडुपच्या शाखेतून बिलिंगचं पान उघडत नाही, बाकी सगळं चालतं' हे तिकीट. अर्धं ट्रबलशूटिंग तक्रारीतून नेमकी वस्तू वेगळी काढण्यात असतं.

मग वेळ लावायची. वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ. बिघडवणाऱ्याने गप्प बसायचं. हे सर्वात अवघड जातं, सगळ्यांना हिंट द्यायची घाई असते. सोडवणाऱ्याने मात्र मोठ्याने बोलायचं: मला काय वाटतंय, म्हणून मी कोणती शो कमांड (राउटरची स्थिती दाखवणारी) टाकतोय, आणि उत्तर काय यायला हवं. उत्तर वेगळं आलं की तिथे थांबायचं. रनिंग कॉन्फिग उघडून वरपासून खालपर्यंत वाचायला मनाई ठेवा. पाच राउटरांच्या लॅबमध्ये ते जमतं, नोकरीवर दोनशे राउटर असतात.

आणि शेवटी ज्याने सोडवलं त्याने नव्हे, ज्याला सुटलं नाही त्याने ते लिहून काढायचं.

---

रात्रपाळी

शेवटचं वाक्य भारी आहे.

आमच्याकडे बदलाच्या रात्री असंच होतं. ज्याला कळलंय तो टाइप करतो, बाकीचे मागे उभे राहून मान डोलावतात, आणि पुढच्या वेळी तोच माणूस रजेवर असतो.

---

टीटीएल_संपला

हलके घ्या, पण आमच्याकडे मान डोलावणाऱ्यांना मॅनेजर म्हणतात.

लोकलमध्ये काय करता येईल? आवाजी कॉलचा प्रश्नच नाही, दारात लटकून 'नेबर एक्सस्टार्टला अडकलाय' असं ओरडलो तर लोक उतरवतील.

---

कळवा_पूर्व (धागाकर्ता)

आमच्या बाजूला गाडीत मध्येच नेटवर्क जातं, त्यामुळे कॉलचं नावच नको.

लोकलसाठी फक्त आउटपुट टाकायचं. एक शो कमांडचं उत्तर, प्रश्न नाही. 'यात काय खटकतं?' एवढंच. ज्याला गाडीत जागा मिळाली त्याने उत्तर द्यायचं. तुम्ही म्हणालात ते एक्सस्टार्टचंच घ्या: ओएसपीएफचे दोन राउटर एकमेकांचे हॅलो (ओळखीचे संदेश) ऐकतात, टू-वेपर्यंत (दोघांची ओळख पटली) येतात, पुढे एक्सस्टार्ट-एक्स्चेंजमध्ये (माहिती देण्याघेण्याच्या पायरीवर) गोल फिरतात. बहुतेक वेळा एमटीयू (लिंकवर मावणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार) जुळत नसतो. हॅलो लहान असतो, तो जातो. डेटाबेसचं वर्णन देवाणघेवाण करायची वेळ आली की त्या पॅकेटमध्ये एमटीयू लिहिलेला असतो, तो तपासला जातो आणि गाडी तिथेच थांबते.

---

साष्टीकर

बरोबर. आणि त्यावर आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर (ही तपासणी बंद करणारी कमांड) टाकून मोकळं होणाऱ्याला एक उपप्रश्न विचारा: नेबर फुल झाला (जोडणी पूर्ण झाली), आता मोठं पॅकेट कुठे जाणार? तपासणी बंद केल्याने वायर रुंद होत नाही.

---

जॉब_पाहिजे

ठीक आहे, मी एक संधी देऊन बघतो. एखादं तिकीट इथेच टाका की. पाहू तरी काय प्रकार आहे.

---

साष्टीकर

घ्या. पाच राउटर, म्हणजे मोफत सीएमएलमध्ये बसतं.

आर५ हा आर३ ला जोडलेला. आर३ पुढे आर१ आणि आर२ दोघांना जोडलेला. या चौघांत ईआयजीआरपी (रस्ते सांगायची दुसरी पद्धत) चालतो. पलीकडे आर४, तो आर१ आणि आर२ दोघांना जोडलेला, तिथे ओएसपीएफ. आर१ आणि आर२ हे दोघेही सीमेवर आहेत आणि दोघांवर दोन्ही दिशांनी रीडिस्ट्रिब्यूशन (एका पद्धतीचे मार्ग दुसरीत देणं) आहे. सीड मेट्रिक (अशा मार्गाला सुरुवातीला दिलेलं माप) दिलेला आहे, चांगला दणदणीत: बँडविड्थ भरपूर, डिले नगण्य.

आर५ वर दोन लूपबॅक (आभासी इंटरफेस) आहेत. ५.५.५.५/३२ नेटवर्क कमांडने ईआयजीआरपीत घेतलाय. १७२.१६.५०.०/२४ मात्र रीडिस्ट्रिब्यूट कनेक्टेडने (म्हणजे बाहेरून आणलेला म्हणून) आलाय.

तिकीट: 'आर४ कडच्या लोकांना ५.५.५.५ पर्यंत पोचता येतं. १७२.१६.५०.१ पर्यंत येत नाही. काल रात्री आर१ रीलोड केला तरी फरक नाही.'

आर४ वरून त्याच पत्त्याचा ट्रेसराउट (पॅकेटच्या वाटेतले राउटर): आर१, आर३, आर२, आर४, आर१, आर३, आर२… रीलोडनंतर तोच ट्रेस उलट्या दिशेने: आर२, आर३, आर१, आर४…

कॉन्फिग मागू नका. कारण सांगा.

---

टीटीएल_संपला

टीटीएल (पॅकेटला उरलेल्या उड्या) संपला. (राहवलं नाही.)

लूप आहे हे दिसतंय. पण एकाच प्रीफिक्सला (पत्त्यांच्या गटाला) का? मार्ग तर दोन्हींचा तोच आहे.

---

रात्रपाळी

पाळीवर शांतता आहे, म्हणून कागदावर काढून पाहिलं. लिहिते, चुकलं तर सांगा.

फरक दोन प्रीफिक्समध्ये कुठे आहे? एक इंटर्नल, एक एक्स्टर्नल. ईआयजीआरपीत इंटर्नलचं अॅडमिन डिस्टन्स ९०, एक्स्टर्नलचं १७० (कमी आकडा जास्त विश्वासाचा, तो जिंकतो). ओएसपीएफचं सरसकट ११०.

५.५.५.५ साठी आर१ आणि आर२ दोघांकडे ९० चा मार्ग आहे. समोरून ओएसपीएफने ११० चा आला तरी ९० जिंकतो. म्हणून तो शांत.

१७२.१६.५०.० साठी दोघांकडे १७० आहे. समजा आर१ ने तो आधी ओएसपीएफमध्ये ढकलला. आर४ मार्फत तो आर२ ला ११० ने ऐकू येतो. ११० जिंकला, आर२ ने ईआयजीआरपीचा मार्ग सोडून दिला. म्हणजे आर२ आता आर५ कडे जायला आर४ कडे तोंड करून बसलाय.

इथपर्यंत नुसता लांबचा रस्ता आहे, लूप नाही. पण आर२ वर उलटं रीडिस्ट्रिब्यूशनही आहे! तो तोच प्रीफिक्स ओएसपीएफमधून उचलून परत ईआयजीआरपीत देतो, तुमच्या दणदणीत सीड मेट्रिकने. आर३ ला आता दोन मार्ग दिसतात: खरा आर५ कडून, खोटा आर२ कडून. लूपबॅकचा डिले ५००० मायक्रोसेकंद असतो, सीडचा दहा. आर३ खोटा निवडतो.

आर३ ते आर२, आर२ ते आर४, आर४ ते आर१, आर१ ते आर३. झाला गोल.

---

कळवा_पूर्व (धागाकर्ता)

ताई, हे लिहिताना चहा तरी घेतलात का? वाचनखूण साठवली आहे.

आणि रीलोडचं कोडंही सुटलं. आर१ बंद असताना आर२ चा ओएसपीएफ मार्ग गेला, त्याने खरा ईआयजीआरपीचा घेतला आणि तो ओएसपीएफमध्ये ढकलला. आर१ उठला तेव्हा त्याला ११० समोर तयारच मिळाला. भूमिका बदलल्या, गोल उलटा फिरला. म्हणजे कोण आधी उठतो त्यावर सगळं ठरतं.

उपाय: टॅग (मार्गावर चिकटवायचा आकडा). दोघांवर ईआयजीआरपीतून ओएसपीएफमध्ये जाताना टॅग ९० लावायचा, आणि ओएसपीएफमधून ईआयजीआरपीत येताना टॅग ९० असेल तर डिनाय. खोटा मार्ग आर३ पर्यंत पोचणारच नाही.

---

टीटीएल_संपला

पण आर२ अजून आर४ कडेच तोंड करून आहे की! लूप गेला, रस्ता लांबचाच राहिला.

मी म्हणतो आर१ आणि आर२ वर ओएसपीएफचं एक्स्टर्नल डिस्टन्स १८० करा. एका ओळीत काम. १७० जिंकेल, दोघेही सरळ आर३ कडे बघतील.

---

जॉब_पाहिजे

थांबा थांबा. मग उद्या आर४ ने त्याच्या बाजूचं काही बाहेरचं ओएसपीएफमध्ये आणलं तर? ते आर१ ला १८० ने येईल. आर१ ते ईआयजीआरपीत देईल, ते फिरून आर२ ला १७० ने येईल. १७० जिंकणार. तोच आजार, फक्त आरशात.

(मी हे खरंच कागदावर काढलं. लोकलमध्ये. शेजारच्या काकांनी विचारलं, रांगोळी आहे का.)

---

साष्टीकर

@जॉब_पाहिजे, आता तुम्हीच सांगा, हे कुठल्या डंपमध्ये मिळालं असतं?

---

हॉप_काउंट

इतके दिवस नुसतं वाचत होतो. तिसरा उपाय देतो. टॅग तर लावलाच आहे, तर आर१ आणि आर२ वर ओएसपीएफच्या प्रोसेसमध्ये आत येणारी डिस्ट्रिब्यूट-लिस्ट (मार्गांची गाळणी) लावा, राउट-मॅपने (अटींच्या यादीने) टॅग ९० अडवा. एलएसए डेटाबेसमध्ये येईल, पण राउटिंग टेबलात बसणार नाही. आर४ चे खरे एक्स्टर्नल तसेच येतील. लूप नाही, लांबचा रस्ता नाही, आरसाही नाही.

---

रात्रपाळी

आर२ आणि आर३ मधली लिंक पडली तर?

मग आर२ ला ईआयजीआरपीकडचं काहीच दिसणार नाही, ५.५.५.५ सुद्धा नाही, कारण टॅग सगळ्यांनाच लागलाय. आर१ मार्फत रस्ता उपलब्ध असूनही आपणच तो अडवून ठेवलाय.

---

साष्टीकर

वा. हे मी विचारणार होतो.

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि तिन्हींची किंमत वेगळी आहे. परीक्षेत प्रश्न सांगतो काय जपायचं, नोकरीत ते तुम्हाला विचारून घ्यावं लागतं.

माझी निवड: टॅग ठेवाच. शिवाय आर२ वर ओएसपीएफमध्ये डिस्टन्स १७१ द्या, पण सरसकट नाही, फक्त आर१ च्या राउटर-आयडीवरून (राउटरच्या ओळखक्रमांकावरून) निघालेल्या मार्गांना, सोबत अॅक्सेस-लिस्टने तोच १७२ चा प्रीफिक्स पकडून. आर१ वर हेच आर२ च्या आयडीसाठी. ओएसपीएफमध्ये डिस्टन्स कमांडला जो पत्ता देतो तो मार्ग जन्माला घालणाऱ्या राउटरचा आयडी असतो, शेजाऱ्याचा इंटरफेस नव्हे. इथे भलेभले अडखळतात. असं केलं की १७० असेपर्यंत १७० जिंकतो, लिंक पडली तर १७१ कामाला येतो, आणि आर४ च्या स्वतःच्या एक्स्टर्नलना धक्का लागत नाही. आता लावा आणि लिंक शट करून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका.

---

टीटीएल_संपला

लावलं. शट केलं. आर२ वर १७१ दिसला! स्क्रीनशॉट बायकोला दाखवला, ती म्हणाली छान आहे, भाजी आण.

एक बाळबोध शंका: डिस्टन्स नेहमीच आधी बघतात ना? मग एखाद्याने कमी डिस्टन्सने मोठा ब्लॉक दिला तर तो जिंकेल का?

---

हॉप_काउंट

नाही. डिस्टन्स एकाच प्रीफिक्सच्या, एकाच लांबीच्या (तिरक्या रेघेनंतरचा आकडा) दोन दावेदारांत बघतात. लांबी वेगळी असेल तर दोन्ही टेबलात बसतात आणि पॅकेट जाताना जास्त नेमका जिंकतो.

२४ फेब्रुवारी २००८ चा किस्सा वाचा. यूट्यूबचा २०८.६५.१५२.०/२२ होता. पाकिस्तान टेलिकॉमला देशात यूट्यूब अडवायचं होतं, त्यांनी २०८.६५.१५३.०/२४ जाहीर केला आणि तो बाहेर गळाला. जगभरचं यूट्यूब तिकडे वळलं, कारण /२४ हा /२२ पेक्षा नेमका. यूट्यूबने मग स्वतः /२४ दिला, आणि वरताण म्हणून /२५ चे दोन.

---

अंधेरी_लोकल

मध्ये तोंड घालतो. हे सगळं शिकून उपयोग आहे का? आमच्याकडे सगळं ऑटोमेशनवर चाललंय. राउटरवर लॉगिन करणंच बंद होतंय.

---

साष्टीकर

एन्कोरमध्येच पायथन, जेसन, नेटकॉन्फ, रेस्टकॉन्फ ही ऑटोमेशनची साधनं आहेत. परीक्षा बनवणाऱ्यांना तुमचं म्हणणं आधीच पटलंय.

पण ४ ऑक्टोबर २०२१ आठवा. फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम सगळं सहा-एक तास गायब. देखभालीच्या वेळी बॅकबोनची (डेटा सेंटरं जोडणाऱ्या मुख्य जाळ्याची) क्षमता तपासायला म्हणून दिलेल्या एका कमांडने बॅकबोनच तोडला, ती अडवायला असलेल्या तपासणीच्या साधनात दोष होता. डेटा सेंटरशी संपर्क तुटल्यावर त्यांच्या डीएनएस (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सर्व्हरांनी आपले बीजीपी मार्ग (बाकी इंटरनेटला सांगितलेले रस्ते) स्वतःहून मागे घेतले. शेवटी माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं. स्क्रिप्ट शंभर राउटरवर एकदम चूक पसरवते तेव्हा कागदावर गोल काढणारा कुणीतरी लागतोच.

अवांतर: पुढे सीसीआयईचा विचार असेल तर लॅबचं केंद्र बंगळूरला आहे, आठ तासांची परीक्षा, पहिले तीन तास डिझाइन, पुढचे पाच प्रत्यक्ष काम. फी १६०० डॉलर, प्रवास-राहणं वेगळं. आणि एक गंमत, सीसीआयईचे क्रमांक १०२४ पासून सुरू झाले, पण तो १०२४ कुणा माणसाला नव्हे, लॅबलाच दिला होता.

---

कळवा_पूर्व (धागाकर्ता)

मग ठरवूया. आत्तापर्यंत मी, टीटीएल, रात्रपाळी ताई, हॉप_काउंट आणि जॉब_पाहिजे. पाच झाले, याहून मोठा करायचा नाही. साष्टीकर सर अधूनमधून डोकावतील असं गृहीत धरतोय.

रविवारी संध्याकाळी बसू म्हणजे ताईंची झोप होईल. पाळी आळीपाळीने. ज्याची पाळी त्याने शनिवारपर्यंत लॅबची फाइल टाकायची. परीक्षा देऊन आलेल्याने 'काय आलं होतं' हे सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. कोणता विषय आपल्याला कच्चा वाटला एवढं बोललं तर चालेल, तो अभ्यासक्रमाच्या यादीत सगळ्यांनाच दिसतो. अभ्यासक्रमाची यादी अधिकृत पानावरूनच घ्या, आवृत्ती बदलत असते, जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका.

परीक्षेबद्दल अजून दोन गोष्टी. एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही, त्यामुळे तिकिटांनाही वेळेची मर्यादा पाळू. आणि नापास झालो तर पाच दिवस थांबून परत बसता येतं. पाच दिवस थांबता येतं, पण फी काही पाचशे रुपये नाही, म्हणून घाईने तारीख घेऊ नका. कंपनी फी परत देते का ते एचआरला आधीच ईमेलवर विचारा, तोंडी 'हो हो' वर भागवू नका.

---

जॉब_पाहिजे

मी येतो. पहिल्या रविवारची मोडतोड माझ्याकडे द्या, फक्त साष्टीकर सरांनी शनिवारी ती एकदा बघावी.

---

साष्टीकर

बघणार नाही. रविवारी सगळ्यांबरोबरच फसेन.

---

रात्रपाळी

तोपर्यंत लोकलवाल्यांसाठी एक सोडून जाते.

डीएमव्हीपीएन (शाखा जोडणारे टनेल), फेज तीन (यात शाखा एकमेकींशी थेट बोलू शकतात). हब (मधलं केंद्र) मुंबई, स्पोक (शाखा) नाशिक आणि कोल्हापूर. तिकीट: 'नाशिकहून कोल्हापूरचा सर्व्हर पिंग होतो, लॉगिनचं पान उघडतं, पण पीडीएफ डाउनलोडला टाकली की सुरुवात होऊन लटकते.' ट्रेसराउट टाकला तर पहिल्यांदाही आणि दहाव्यांदाही मुंबईवरूनच जातो.

यात दोन वेगळे बिघाड आहेत. एकाने दुसरा होत नाही.

---

टीटीएल_संपला

पहिला मला येतो! टनेलचा आयपी एमटीयू आणि एमएस—

---

हॉप_काउंट

अहो थांबा, उत्तर रविवारी. मी अजून दादरलाच आहे, पुढच्या गाडीत जागा मिळाली तर दुसरा काढतो. ताई, हबवरचं शो आयपी एनएचआरपी (शाखांच्या पत्त्यांची नोंद) टाकाल का?

---

रात्रपाळी

हबवरचं देते. पण विचार करा, शॉर्टकट मागायला सांगतो कोण, आणि बसवतो कोण. दोन्हीकडचं बघावं लागेल. नाशिकचं आउटपुट पाळी संपल्यावर टाकते.